बोटीत चढण्याआधीचे सात तास

महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी साडेसातच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लागली, तेव्हा आम्हा तिघांकडे मिळून सहा डाग होते. दोन चाकांच्या मोठ्या बॅगा, भावाची पाठीवरची सॅक, माझी खांद्याची पर्स, खाऊची पिशवी आणि आईची कापडी पिशवी. ती पिशवी कोल्हापूरपासून तिने कुणाच्याही हातात दिली नव्हती. रात्री बर्थवर झोपतानाही पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळलेला. आत काय आहे हे मला माहीत होतं, म्हणून मी विचारलं नाही.

क्रूझ दुपारनंतर सुटणार होती. मुंबईहून गोवा आणि परत, तीन रात्री. वेब चेक-इन करताना आम्हाला टर्मिनलवर हजर होण्यासाठी दुपारी दोन ते चार ही वेळ मिळाली होती. म्हणजे हातात साधारण सात तास. ओळखीच्यांनी सुचवलं होतं की सरळ एखाद्या हॉटेलात अर्ध्या दिवसासाठी खोली घ्या, आईला झोपू द्या, दोनला निघा. सल्ला चुकीचा नव्हता. पण आई १९४७ ची. मालवणजवळच्या तिच्या माहेरात तिचा जन्म अजूनही ‘रामदास बोट बुडाली त्या वर्षीचो’ असाच मोजतात. लग्न होऊन घाटावर, कोल्हापुरात येईपर्यंत ती मुंबईला आली ती प्रत्येक वेळी बोटीने. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षं ती बोटीत बसलेली नाही. ज्या बंदरात ती परकर-पोलक्यात उतरली, त्या बंदराला न भेटता तिला थेट एसी टर्मिनलमध्ये नेऊन बसवणं मला पटेना.

पण बंदर बघायचं तर हात मोकळे हवेत. दोन मोठ्या बॅगा ओढत म्हातारं माणूस फिरत नाही, आणि ती ओढणारं माणूसही आजूबाजूला काही बघत नाही. त्याला फक्त फुटपाथची उंची दिसते, पायऱ्या दिसतात, टॅक्सीची डिकी दिसते. म्हणून पहिलं काम क्लोक रूमचं.

कोल्हापूरहून निघताना मी सामान ‘कपडे’ आणि ‘इतर’ असं भरलं होतं. ते चूक होतं, आणि ते मला वेटिंग रूमच्या बाकावर बसल्यावर कळलं. क्रूझवर जाताना सामानाचे भाग दोनच: जे आपण देऊन टाकणार आणि जे आपल्या अंगाशी राहणार. मोठ्या बॅगा आधी क्लोक रूममध्ये जाणार, नंतर टर्मिनलच्या दारात क्रूझची माणसं त्या ताब्यात घेणार, आणि खोलीच्या दाराशी त्या संध्याकाळी कधीतरी पोचणार. म्हणजे सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत बारा तास जे जे लागेल, ते सगळं हाताशी हवं. आईच्या बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या, चष्मा, शाल, एक जादा पातळ, फोनचा चार्जर, ओळखपत्रं. मी बाकावर दोन्ही बॅगा उघडल्या आणि सगळं पुन्हा लावलं. शेजारी एक बाई बाळाला दूध पाजत होत्या. त्यांनी न सांगता पाय उचलून मला जागा करून दिली.

क्लोक रूमचा नियम साधा आहे. बॅगेला कुलूप हवं, प्रवासाचं तिकीट हवं, ओळखपत्र हवं. यंत्रातून बॅग जाते, पावती मिळते, ती जपून ठेवायची. बिनकुलपाची बॅग घेत नाहीत, आणि चेनच्या बाहेरच्या खणालाही कुलूप लागतं, हे ठाऊक नसल्यामुळे आमच्या पुढच्या तरुणाला परत जाऊन कुलूप विकत आणावं लागलं. आमच्याकडे कुलपं होती. पावती घेऊन दहा पावलं चालले आणि आठवलं की आईचं मूळ आधारकार्ड आतल्या फाइलमध्ये राहिलं आहे. ते मी बोटीसाठी म्हणून मुद्दाम वेगळं, ‘नीट’ ठेवलं होतं. परत गेले. खिडकीतल्या माणसाने शांतपणे बॅग आणून दिली. एवढंच म्हणाले, “बाई, कागद नेहमी माणसाजवळ, कपडे बॅगेत.” मी ते वाक्य मनात लिहून ठेवलं.

या सगळ्या वेळात आई काउंटरपासून हलली नाही. दोन्ही बॅगांच्या मुठींना तिने जुन्या इरकली साडीचा हिरवा काठ फाडून बांधला होता, ओळखायला सोपं जावं म्हणून. आतल्या फळीवर बॅगा ठेवल्या गेल्या, ते हिरवे तुकडे दिसेनासे झाले, तरी ती तिकडेच बघत होती.

तिचं बरोबर होतं. तिच्या बोटीच्या प्रवासात सामान कधी माणसापासून सुटत नसे. पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगाने नाव आणि गाव. एक वळकटी. गोणपाटात शिवलेले नारळ, आमसुलांच्या आणि कुळथाच्या पिठाच्या डबे-पिशव्या. डेकचं तिकीट काढलेल्या माणसाला जागेचा नंबर नसे. जो आधी चढेल आणि वळकटी उलगडेल, त्याची जागा. सामान हीच जागा आणि सामान हीच उशी. आई सांगते, मालवणला बोट धक्क्याला लागत नसे, ती आत समुद्रात उभी राही. किनाऱ्यावरून पडावात बसायचं, लाटांवर हेलकावत बोटीच्या अंगाला जायचं, आणि खलाशी वरून हात देईल तेव्हा पडाव वर उचलला जाईल त्याच क्षणी पाय टाकायचा. एकदा शेजारच्या घरातल्या काकींची ट्रंक पडाव आणि बोट यांच्यामध्ये पाण्यात गेली. काकी मुंबईला पोचेपर्यंत काही बोलल्या नाहीत. त्या ट्रंकेत मुलीच्या लग्नाचे कपडे होते. आई तेव्हा नऊ वर्षांची होती. सामान दुसऱ्याच्या हाती देताना ती अजून थांबते ती तिथून.

स्टेशनातून बाहेर आल्यावर मी तिला रस्त्यापलीकडे नेऊन उभं केलं आणि इमारत दाखवली. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आखलेली ही इमारत बांधायला १८७८ पासून दहा वर्षं लागली. २००४ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. घुमटावर हातात मशाल घेतलेली प्रगतीची मूर्ती आहे, भिंतींवर मोर, माकडं, वेली कोरलेल्या आहेत. गाडी पकडायच्या घाईत मुंबईतली माणसंही त्या बघत नाहीत. आईने बघितल्या. मग म्हणाली, “आता धक्को दाखय.”

धक्का म्हणजे भाऊचा धक्का. कोकणातल्या माणसाला दुसरा धक्का सांगावा लागत नाही.

काळी-पिवळी टॅक्सी मिळाली. सकाळी नवाच्या आधी पी. डि’मेलो रोडवरून माझगावकडे जाताना उजव्या हाताला बंदराची भिंत सुरू होते आणि ती संपतच नाही. आत काय आहे ते दिसत नाही, फक्त क्रेनच्या माना वर दिसतात. मुंबई हे बंदराचं शहर आहे आणि मुंबईत राहणाऱ्या बहुतेकांनी बंदर पाहिलेलं नाही, त्याचं कारण ही भिंत. याच भिंतीआड, व्हिक्टोरिया डॉकमध्ये, १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ हे मालवाहू जहाज उभं होतं. पोटात दारूगोळा, कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा, सगळं एकत्र. कापसाला आग लागली. ती विझवता विझवता दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसं गेली, त्यांत आग विझवायला आत शिरलेले अग्निशमन दलाचे जवान. देशभर १४ एप्रिलपासून पाळला जातो तो अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्याच आठवणीचा आहे. सोन्याच्या विटा गाळात मिळत राहिल्या, अगदी २०११ मध्येसुद्धा. ते डॉक आता बुजवलेलं आहे. मी हे सांगत असताना टॅक्सीवाल्याने आरशातून पाहिलं आणि गाडीचा वेग कमी केला. त्यांचे आजोबा गोदीत कामाला होते, असं ते म्हणाले, आणि पुढे काही बोलले नाहीत.

जहाजात सामान कसं भरतात हा प्रश्न किती मोठा असू शकतो, हे त्या भिंतीजवळून जाताना कळतं. कापूस आणि स्फोटकं एका पोटात घालणं, हा भरण्यातला दोष होता.

भाऊचा धक्का सकाळी माशांचा असतो. ट्रॉलर लागलेले, बर्फाचे तुकडे उडतायत, डोक्यावर पाट्या घेतलेली माणसं “बाजू, बाजू” करत धावतायत, पायाखाली पाणी. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य या गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकात हा धक्का बांधला, त्यांना लोक भाऊ म्हणत, आणि नाव राहिलं. आता इथून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो जाते, रेवसला आणि मोऱ्याला लाँच जातात. पूर्वीची कोकणबोट जात नाही. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाझी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, पणजी. आईला ही बंदरं क्रमाने पाठ आहेत, जशी दुसऱ्या कुणाला रेल्वेची स्टेशनं असतात. ‘रोहिणी’, ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही तिच्या पिढीच्या तोंडची बोटींची नावं. आधी घाटातले रस्ते सुधारले, एसटी वाढली, मग बोटी थकल्या आणि थांबल्या. कोकणातल्या माणसाने समुद्राने मुंबईला यायचं सोडलं, ही साधी गोष्ट नाही असं मला वाटतं. एका अख्ख्या प्रांताच्या घराचा पुढचा दरवाजा बंद झाला आणि सगळे मागच्या दाराने, घाटातून, ये-जा करू लागले.

आई मासळीकडे बघतच पायऱ्यांकडे गेली. सुरमईचा भाव विचारायचा मोह तिने आवरला, कारण ती घेऊन कुठे जाणार? पायऱ्यांशी उभी राहून म्हणाली, “हंयसून रामदास गेली.” १७ जुलै १९४७, गटारी अमावास्येचा दिवस. सणाला घरी निघालेली माणसं रेवसच्या वाटेवर बुडाली, सहाशेंहून अधिक. त्या दिवसाचं नाव घरात घेतलं की आजी देवापुढे दिवा लावायची. आईने इथे हात जोडले आणि मग पिशवीचा बंद मनगटावरून सोडला.

पिशवीत नारळ होता. माहेरच्या झाडाचा, गेल्या मे महिन्यात आणलेला, हळद-कुंकू लावलेला. समुद्राला नारळ दिल्याशिवाय बोटीत पाय ठेवायचा नाही, हे तिच्या घरचं. नारळी पौर्णिमेला समुद्र शांत होतो आणि बोटी सुरू होतात, तो नारळ आणि प्रवासाआधीचा हा नारळ, दोन्ही तिच्या मनात एकच. मी क्रूझच्या सूचना वाचल्या होत्या. जहाजावरून समुद्रात काहीही टाकायला मनाई असते, फुलं-नारळसुद्धा. ती मनाई योग्य आहे. म्हणून हे इथेच व्हायला हवं होतं, आणि आईला मी तसं आधी सांगितलं होतं.

पण धक्क्याखालचं पाणी पाहून ती थांबली. पाण्यावर डिझेलचा तवंग, थर्माकोलचे तुकडे, प्लास्टिकच्या पिशव्या, माशांची खवलं. तिने नारळ दोन्ही हातांत धरला, एक पायरी उतरली, पुन्हा वर आली. “ह्या पाण्यात कसो देव?” असं म्हणाली. कसा देऊ? भावाने घड्याळ पाहिलं. मी काही बोलले नाही. मला खरंच काय करावं सुचत नव्हतं.

मोऱ्याची लाँच लागलेली होती. तिच्यावरचा एक खलाशी, पन्नाशीचा असेल, दोरखंड गुंडाळता गुंडाळता हे बघत होता. तो म्हणाला, “आजी, द्या इकडे. भायेर चांगल्या पाण्यात सोडतो. डोकं टेकून सोडतो.”

आईने त्याच्याकडे पाहिलं. कोल्हापूरपासून जी पिशवी तिने मला उचलू दिली नव्हती, तिच्यातला नारळ तिने त्याच्या ओंजळीत ठेवला. नाव विचारलं नाही, पावती नव्हती. त्याने तो लाँचच्या पुढच्या टोकाशी, दोरखंडाच्या वेटोळ्यात ठेवला. भोंगा झाला, लाँच सुटली. आई ती लाँच क्रेनच्या आड जाईपर्यंत उभी राहिली. नंतर तिने रिकामी पिशवी घडी करून माझ्या पर्समध्ये कोंबली आणि दिवसभरात पहिल्यांदा दोन्ही हात मोकळे सोडून चालू लागली.

तिथून आम्ही फोर्टात आलो. आता साडेदहा वाजले होते. भावाच्या यादीत गेटवे, वस्तुसंग्रहालय, मरीन ड्राइव्ह, कुलाब्याचा बाजार असं सगळं होतं. मी त्यातलं बहुतेक काढून टाकलं. क्रूझच्या दिवशी शहर बघायचं तर बंदरापासून पायी जाता येईल एवढंच बघावं, आणि जिथे बसायला मिळेल तिथेच जावं, असं मला अनुभवाने वाटतं. मरीन ड्राइव्हवरून परत येताना ट्रॅफिकमध्ये अडकलात तर जहाज थांबत नाही. गाडी चुकली तर पुढची मिळते, जहाज तीन दिवसांनी परत येतं.

हॉर्निमन सर्कलच्या बागेत जुन्या झाडांच्या सावलीत बाकं आहेत. समोर टाउन हॉल, १८३३ मध्ये पुरा झालेला, त्याच्या तीस पायऱ्या आणि वर पांढरे खांब. तिथेच एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय. दुर्गाबाई भागवत वर्षानुवर्षं तिथे वाचत बसत. मी आईला पायऱ्या चढायला लावल्या नाहीत. बागेतून ती इमारत अधिक चांगली दिसते. पलीकडे सेंट थॉमस कॅथीड्रल, १७१८ सालचं. चर्चगेट हे नाव पडलं ते याच चर्चकडे नेणाऱ्या किल्ल्याच्या दरवाजावरून. किल्ला गेला, दरवाजा गेला, नाव लोकलच्या पाटीवर उरलं. आत गार होतं. भिंतींवर संगमरवरी स्मारकं, त्यांतली कितीतरी दर्यावर्दींची आणि सैनिकांची, ज्यांना परतीचा प्रवास मिळाला नाही. आईला इंग्रजी वाचता येत नाही. ती एका जहाजाच्या कोरीव शिल्पासमोर बराच वेळ बसली. “शीड बरोबर काढलंय,” एवढंच म्हणाली. मालवणच्या माणसाची ती दाद आहे.

गेटवेला न जाण्याचं आणखी एक कारण होतं. १९११ मध्ये राजा पंचम जॉर्ज इथे उतरला, त्याच्या आठवणीसाठी उभारलेली ही कमान १९२४ मध्ये पुरी झाली. जॉर्ज विटेटने ती आखली. ती समुद्राकडून येणाऱ्याने बघण्यासाठी आहे. संध्याकाळी आमचं जहाज तिच्यासमोरूनच जाणार होतं. पाण्यातून दिसणार असलेली गोष्ट फुगेवाल्यांच्या आणि फोटोवाल्यांच्या गर्दीत उभं राहून पाठीमागून का बघावी?

त्याच विटेटचं बॅलार्ड इस्टेट मात्र पायी फिरण्यासारखं. अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचं इंदिरा डॉक, खणताना जी माती-दगड निघाले, त्यांनी समुद्र बुजवून ही बावीस एकरांची जमीन केली. एका उंचीच्या इमारती, सरळ रस्ते, दगडी कमानी. परदेशची मेल बोट बॅलार्ड पिअरला लागली की प्रवासी तिथल्याच स्टेशनातून फ्रंटियर मेलमध्ये बसून पेशावरकडे निघत. सामान बोटीतून डब्यात, मधे शहर नाहीच. ते स्टेशन आता नाही.

इथेच ब्रिटानियामध्ये जेवलो, १९२३ पासूनचं इराणी-पारशी उपाहारगृह. उंच छत, लाकडी खुर्च्या, भिंतीचा रंग सुटलेला. इथला बेरी पुलाव प्रसिद्ध आहे, इराणहून येणाऱ्या आंबट लाल बेरी घातलेला. आईने केळीच्या पानातली पात्रा नी मच्छी मागवली. पान उलगडलं, हिरवी चटणी आणि पापलेट पाहून तिने मान हलवली. “आमी पण पानात भाजतों,” ती वाढणाऱ्याला म्हणाली. मी तिला जपून जेवायला सांगितलं, बोट लागेल म्हणून. गाडी लागते, बोट लागते. त्यातलं बोट लागणं सर्वांत वाईट, असं तिनेच मला लहानपणी सांगितलेलं. ती म्हणाली, माका बोट कधी लागली नाय. आणि कॅरमल कस्टर्ड मागवलं.

ती जेवत असताना भाऊ पावती घेऊन क्लोक रूममध्ये गेला. हा क्रम मुद्दाम ठरवला होता. स्टेशन तिथून जवळ, टर्मिनल त्याहून जवळ. म्हाताऱ्या माणसाने सामानामागे जायचं नाही, सामानाने तिच्याकडे यायचं. अर्ध्या तासात टॅक्सी दारात, डिकीत हिरव्या काठाच्या दोन बॅगा. आईने बाहेर येऊन आधी त्या पाहिल्या आणि मग पुढच्या सीटवर बसली.

टर्मिनलच्या आवारात मोठ्या बॅगा लगेच घेतात. छापून आणलेल्या टॅगवर नाव आणि खोलीचा नंबर असतो. तो मुठीला नीट चिकटवलेला हवा, आणि जुन्या विमानप्रवासाचे टॅग काढून टाकलेले हवेत, नाहीतर बॅग दुसरीकडे फिरते. ढकलगाडीवर आमच्या बॅगा चढल्या. आई पुन्हा थांबली. मी तिला आंबेडकरांची गोष्ट सांगितली. १९१७ साली लंडनहून परतताना बाबासाहेबांनी आपली पुस्तकं आणि सामान दुसऱ्या बोटीने पाठवलं होतं. महायुद्ध चालू होतं. ती बोट टॉर्पेडोने बुडाली. ते स्वतः ऑगस्टमध्ये मुंबईला पोचले, पुस्तकं समुद्रात. भरपाईचे सहाशे रुपये मिळाले, त्यातून बडोद्याला जाण्याचा आणि घरचा खर्च भागवला. पुस्तकांची भरपाई कशी होणार? पुढे त्यांनी दादरला राजगृह बांधलं ते मुख्यतः पुस्तकांसाठी. आई ऐकत राहिली. सामान सोडायला तिला धीर द्यावा म्हणून मी ही गोष्ट सांगितली नव्हती, खरं तर उलटच परिणाम व्हायला हवा होता. पण सामान हरवण्याचं दुःख फक्त गरिबाच्या ट्रंकेचं नसतं, हे तिला कुठेतरी पोचलं असावं. “काकीच्या ट्रंकेत पण पुस्तकंच असल्यागत होती,” ती म्हणाली, “सगळी मेहनत.” आणि ढकलगाडी गेली.

पुढे तपासणी. इस्त्री, किटली, सुरी, दारू आत नेता येत नाही. भावाची विजेची किटली बाजूला काढून पावती देऊन ठेवून घेतली, परतीच्या दिवशी मिळते. रांग लांब होती, पण वयस्कर माणसांना पुढे घेत होते. काचेपलीकडे जहाजाची बाजू दिसली, आणि ती जहाज न वाटता इमारत वाटली, इतकी उंच. मुंबईच्या बंदरात उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. म्हणून इंदिरा डॉकच्या तोंडाशी दरवाजे आहेत, आत पाणी धरून ठेवायला. बॅलार्ड पिअरचा हा वाढवलेला धक्का त्या दरवाजांबाहेर आहे, म्हणून एवढं मोठं जहाज दरवाजाची वाट न बघता सरळ लागतं. जहाजात नेणारा पूल घट्ट, दोन्ही बाजूंना कठडे, खाली गालिचा. आईने तरीही कडेला पोचल्यावर क्षणभर थांबून खाली पाण्याकडे पाहिलं आणि उजवा पाय उचलून टाकला, पडावातून टाकायची तसा.

जहाज हललं तेव्हा ऊन तिरकं झालं होतं. आम्ही वरच्या डेकवर होतो. गोदीच्या क्रेन सरकल्या, नौदलाची जहाजं, आणि मग गेटवे, ताजचा घुमट, सगळं एकदम समोर आणि सोनेरी. कबूतरांचा थवा कमानीवरून उठला. किनाऱ्यावरची माणसं हात हलवत होती. सकाळी आम्ही कुठे कुठे होतो ते आई बोटाने शोधत होती. राजाबाई टॉवर तिला सापडला, टाउन हॉल सापडला नाही. भाऊचा धक्का मागे, उत्तरेला राहिला होता. ती त्या दिशेला वळून काही वेळ उभी राहिली. एलेफंटाच्या बाजूने एक लाँच परत येत होती. मोऱ्याची होती की दुसरी, एवढ्या अंतरावरून सांगता आलं नसतं.

खोलीत आलो तेव्हा बॅगा आल्या नव्हत्या. आईने गोळ्या घेतल्या, पर्समध्ये होत्या. आठ वाजता एक बॅग दाराशी दिसली, हिरवा काठ तसाच. दुसरी नऊला. आईने ती आत ओढून घेतली, कुलूप उघडलं आणि कपड्यांच्या तळातून घडी केलेली सतरंजी काढली. ती तिने कधी भरली मला माहीत नव्हतं. मी काही विचारायच्या आत ती सतरंजी काखेत मारून लिफ्टकडे निघाली.

वरच्या डेकवर एका कोपऱ्यात, वारा अडेल अशा भिंतीशी, तिने ती उलगडली. पलीकडे संगीत चालू होतं, माणसं नाचत होती. एक कर्मचारी आला, आईकडे पाहून थांबला, आणि एक ब्लँकेट आणून देऊन गेला. डाव्या हाताला किनारा होता, पूर्ण काळोखात, मधूनच एखादा दिवा.

“आई, खोलीत गादी आहे गं,” मी म्हटलं.

“हर्णै येयसर हंयच बसतंय,” ती म्हणाली, आणि सतरंजीची दुसरी बाजू माझ्यासाठी हाताने सारखी केली.